अठ्ठेचाळिसावा अहवाल

सतराव्या चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर चौपन्न लक्स प्रकाश पडत होता. कागदावरच्या जलरंगाला पन्नास पुरतो. त्याहून जास्त मिळत राहिला की रंग हळूहळू उडतो. मी मीटर तीनदा धरला. तिन्ही वेळा चौपन्न. बाकीच्या सेहेचाळीस चित्रांवर मात्र पन्नासाला पन्नास.

"सतरा नंबर," मी शिडीकडे बघून म्हटलं.

"आलो, आलो!" वरून उत्तर आलं आणि पाठोपाठ दिवेवाला खाली उतरला, दोन पायऱ्या गाळून.

सलग चौथं प्रदर्शन हे. दर वेळी एकाच चित्रावर नेमके चार लक्स जास्त.

"ताई, तुम्ही हाक मारावी म्हणून ठेवतो तो," भिंतीवर खिळा ठोकता ठोकता सुतारकाका म्हणाले. "आमच्या लेव्हलच्या बुडबुड्यालासुद्धा कळलंय."

मलाही कळलं होतं. आठ महिन्यांपूर्वी याच शिडीवरून त्यानं विचारलं होतं, "लग्न करू या का आपण?" विचार करून सांगते, असं मी म्हटलं होतं. एवढ्या वेळात माणसं लग्न करून पस्तावूनही मोकळी होतात, असं माझ्या आईचं म्हणणं. आता एका नाटक कंपनीनं त्याला दोन वर्षांच्या दौऱ्यावर बोलावलं होतं. येतो की नाही ते आज पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं. घाई त्यानं केली नाही. सकाळी फक्त म्हणाला, "पाचला फोन करतोय हं मी."

चित्रं दुसऱ्या संग्रहालयातून आली होती आणि त्यांच्यासोबत एक पाहुण्या बाई. प्रत्येक चित्राचा स्थिती अहवाल मी लिहायचा: माप, माध्यम, डाग, चिरा, जुनी दुरुस्ती. मग बाईंनी विजेरी लावून तो चित्राशी ताडायचा आणि दोघींनी सह्या करायच्या. तीन दिवसांत बाई एकदाही हसल्या नव्हत्या.

पावणेपाचला सत्तेचाळिसावी सही झाली. मी पेनाला टोपण लावलं. बाईंनी पान उलटलं.

"अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या.

"चित्रं सत्तेचाळीसच आहेत."

"अहवाल अठ्ठेचाळीस आहेत." आणि त्या स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचू लागल्या. "उंची एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर. माध्यम मिश्र. डाव्या भुवईवर जुना व्रण, दोन सेंटिमीटर, स्थिर. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात हसताना तीन बारीक चिरा. जुनी दुरुस्ती: पुढचा एक दात."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकले तेव्हापासूनची सवय. काल दुपारी डबा खाताना एक कोरा अहवाल मी स्वतःपुरता भरला होता. आणि भरलेला कागद माझा हात मला न विचारता फाईलला लावतो.

"बाई, ते चुकून आलंय..."

"माझ्या फाईलमधलं काहीही मी ताडल्याशिवाय सोडत नाही. वस्तू दाखवा."

"हजर!" वस्तू बाईंसमोर येऊन उभी राहिली.

सुतारकाकांनी हातोडी खाली ठेवली आणि चष्मा चढवला. बाईंनी विजेरी भुवईवर धरली, मग मोजपट्टी लावली.

"एकोणीस मिलिमीटर. तुम्ही दोन सेंटिमीटर लिहिलंय."

"लांबून अंदाजे लिहिलं," मी पुटपुटले. एवढ्या फजितीतही ती चूक मला लागली.

"अंदाजे चालत नाही." त्यांनी आकडा सुधारला. "हसा."

ते सांगायची गरजच नव्हती. तो कधीचा ओठ दाबून उभा होता, त्याचं हसू फुटलंच.

"चिरा चार आहेत."

"तीन!" मी म्हटलं.

"चारच, ताई," काका त्याच्या डोळ्यात डोकावत म्हणाले. "मी सुतार आहे, चीर मला कळते."

"चौथी नवीन आहे," दिवेवाला म्हणाला. "आठ महिन्यांची."

काका मटकन खोक्यावर बसून खो खो हसू लागले. मलाही हसू आलं आणि आवरेना. रिकाम्या दालनात ते चारी भिंतींवर आपटून परत येत होतं. बाई मात्र वाचतच होत्या.

"हाताळणी: शिडीवर असताना हाक मारू नये, घाईनं उतरतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मघाशीच मारलीत ना? प्रकाश: चार लक्स जास्त पडला तरी रंग उडत नाही."

त्याचं हसू थांबलं. कागदाकडे बघत तो म्हणाला, "हे तू लिहिलंयस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"शेवटचा रकाना रिकामा आहे," बाई म्हणाल्या. "निर्णय. ठेवणार, की परत?"

दारावरच्या घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती. त्यानं खिशातून फोन काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. काकांचा खोकासुद्धा करकरायचा थांबला.

"कागद द्या, भरते," मी हात पुढे केला.

"तुम्ही अंदाजे लिहाल. खाडाखोड होईल." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा दोन मिलिमीटर वर गेला, फार तर तीन. "तुम्ही सांगा. मी लिहिते."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

"लिहा," मी त्याच्याकडे बघत म्हटलं. "ठेवणार. हो. लग्न करतेय मी याच्याशी."