पुढचं नीट कर

हिशेब सरळ होता. नव्या दुकानात पुढच्या टेबलावर बसायला मिळालं, तर महिन्याला पाच हजार जास्त. वर्षाचे साठ. वर फिरती खुर्ची, डोक्यावर स्वतंत्र पंखा, आणि गोदामात उतरून टाईलची खोकी मोजायची कटकट कायमची दुकानातल्या दुसऱ्या विक्रेत्याच्या, गोडबोल्याच्या गळ्यात. ही शेवटची बाब आकड्यात मांडता येत नव्हती, पण गंभीररावांना सगळ्यात गोड तीच वाटत होती.

गंभीरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. टाईलच्या दुकानात अठरा वर्षं विक्रीला उभं राहून, एकदाही तोंड उघडून हसले नाहीत म्हणून ते पडलेलं. माणूस आतून चांगला खट्याळ होता. पण लहानपणी ज्या विहिरीचं पाणी प्याले, तिनं दातांवर तपकिरी नकाशे काढून ठेवले होते. आणि पुढच्या दोघांपैकी एकाचा कोपरा खोक्याची पट्टी दातानं तोडायच्या घाईत उडाला होता. त्यामुळे हसू आलं की गंभीरराव ओठ मिटून नाकानं हसत. गिऱ्हाइकाला वाटे, यांना सर्दी झालीय.

मालकांनी विषय काढला तो सोमवारी सकाळी. गंभीरराव आपल्या टेबलामागे उभे राहून नमुन्याच्या पॅनेलवरचं कॅलेंडर सरळ करत होते. मालकांना शब्दही मोजून खर्चायची सवय. एक हात फोनवर ठेवून म्हणाले, "नव्या दुकानात पुढं तुला बसवायचं मनात आहे. पाच हजार जास्त."

गंभीरराव वळले आणि नाकानं हसले.

"पण आधी ते तुझं पुढचं नीट कर. पिवळं पडलंय. गिऱ्हाईक आत आलं की आधी तेच बघतं." एवढ्यात पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणालं आणि मालक त्याचे झाले.

गंभीररावांचा हात आपोआप तोंडावर गेला. अठरा वर्षांत मालकांनी दातांचा विषय काढला नव्हता. आज काढला, म्हणजे त्यांना ती जागा खरंच द्यायची होती.

दुपारच्या सुट्टीत ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. दारावर एका पांढऱ्याशुभ्र हसण्याचा फोटो आणि खाली 'व्हेनियर १४,०००पासून'. 'पासून' वाचताच गंभीरराव सावध झाले. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'चाळीसपासून' हा शब्द त्यांनीच लिहवून घेतला होता, आणि चाळीसची टाईल गेल्या सहा वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

"व्हेनियर म्हणजे प्लायवूडवर चिकटवतात ते?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तसंच समजा, काका. पातळ पापुद्रा. नखाएवढा जाड, चिनी मातीचा. दात पुढून किंचित घासायचा आणि वर चिकटवायचा."

गंभीररावांचं वय त्रेचाळीस. 'काका' त्यांनी मुकाट्यानं खात्यावर मांडला.

"हा दर नगाचा की सगळ्या कामाचा?"

"नग?"

"दाताचा."

"एका दाताचा. तुमचे हसताना आठ दिसतात."

"दिसत नाहीत. मी दिसू देत नाही. बसवणावळ धरून?"

"सगळं धरून. माप, तात्पुरतं कव्हर, पॉलिश."

"मग असं करा," गंभीरराव खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "आठाचे दहा करून घ्या. दोन जादा. त्याच लॉटमधले. उद्या एखादा फुटला तर शेड जुळत नाही, मग पंचाईत."

डॉक्टरीणबाईंनी मास्क काढला आणि मनमोकळं हसून घेतलं. प्रत्येक दाताचं माप घेऊन प्रत्येकाचा वेगळा बनतो, उजव्याचा डाव्यालाही बसत नाही, त्यामुळे जादा ठेवण्यात अर्थ नाही, असं त्यांनी समजावलं. टिकेल दहा-पंधरा वर्षं. पुढं पुन्हा नवा. आणि एकदा घासलेला दात परत होता तसा होत नाही.

"म्हणजे जन्माचं गिऱ्हाईक," गंभीरराव म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याचं केलेलं ते कौतुक होतं.

"बारा बिनव्याजी हप्ते आहेत, काका."

"आणि रोख दिले तर?"

"दहा टक्के कमी."

"मग बिनव्याजी कसले? व्याज आधीच लावून ठेवलंय." हे त्यांच्याही दुकानात चालत होतं, म्हणून त्यांनी आवाज चढवला नाही. "बरं, आठच्या आठ करायलाच हवेत का? खरे खराब दोनच आहेत."

"दोनच बदलले तर बाकीच्यांशी शेड जुळणार नाही."

संध्याकाळी हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको शाळेच्या कचेरीत फीच्या पावत्या फाडायची. तिच्यापुढं आकडा सरकवून नेणं कुणाला जमलेलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या दाराला खुर्ची टेकवत होती. दाराचं रबर गेलं होतं, आणि खुर्ची काढली की दार हळूच उघडून दूध नासवायचं.

"आठ गुणिले चौदा," ती म्हणाली, "एक लाख बारा हजार. पाच हजारांच्या बढतीसाठी. बावीस महिने वर तोंड करून बघायचं नाही. तेही बढती मिळाली तर."

"मिळणार. मालक स्वतः बोललेत."

"विम्यातून?"

"विचारलं एजंटला. म्हणाला, दुखतंय का? म्हटलं, नाही. म्हणाला, मग नाही. दुखलं तर पैसे मिळतात, वाईट दिसलं तर नाही."

"आणि आठ कशासाठी? मी रोज बघते, दोनच वाईट आहेत. बाकीचे नुसते चहा प्यायल्यासारखे दिसतात."

"दोनच केले तर शेड जुळणार नाही म्हणाल्या."

बायको खुर्चीवर बसली, म्हणजे फ्रिजही आपोआप बंद झाला. "अहो, हे तर तुमचंच वाक्य."

वाक्य त्यांचंच होतं. मोरीतल्या दोन टाईल फुटल्या म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला अख्खी भिंत विकायची ती त्यांची हुकमी किल्ली. अठरा वर्षांत किती भिंती खपल्या असतील त्यावर, आणि आज त्यांच्याच जबड्याची भिंत झाली होती.

"दाताच्या कॉलेजात जा," बायको म्हणाली. "आमच्या मुख्याध्यापकांच्या मेहुण्यानं तिथं केलं. शिकणाऱ्या मुली करतात, मागं सर उभे असतात. वेळ जातो, पैसे तिसऱ्या हिश्श्यानं लागतात."

"शिकाऊ हात? माझ्या तोंडात?"

"तुमच्या दुकानातले कारागीर काय पोटातून शिकून आले होते?"

फ्रिजसाठी तिनं पंधरा हजार बाजूला टाकले होते. ते ती द्यायला तयार झाली, पण तिची अट कागदावर लिहून झाली: बढतीचे पहिले तीन महिने फ्रिजचे, त्यात कुणी दात घालायचा नाही. गंभीररावांनी सही केली.

कॉलेजात रांग होती, नंबराची चिठ्ठी होती, आणि एका मोठ्या दालनात चाळीस खुर्च्यांवर चाळीस माणसं आ वासून पडलेली होती. गंभीररावांच्या वाट्याला आली ती शेवटच्या वर्षाची मुलगी. हात थंड, बोलणं कमी. ती दर पाच मिनिटांनी सरांना हाक मारायची. सरांनी आरशानं एकेक दात बघितला आणि तिलाच विचारलं, "किती?"

"सर, आठ?"

"का?"

"शेड जुळायला."

"भिंत धडधाकट असली तर तू ती फोडशील का?" सर म्हणाले. "सहा दातांचे डाग वरवरचे आहेत. घासून पॉलिश कर. मग जी शेड निघेल, तिला जुळवून दोन बनव. आधी दोन बनवून मग बाकीचं जुळवायला निघालं, की आठ होतात."

तोंडात कापूस होता म्हणून, नाहीतर गंभीररावांनी या माणसाला दुकानात नोकरी देऊ केली असती. मग लक्षात आलं की हा माणूस दुकान आठवड्याभरात बुडवील.

दहा आठवडे लागले. सात फेऱ्या, प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा, आणि मालक अर्ध्या दिवसाचे चारशे कापायला कधी विसरत नसत. मधले पंधरा दिवस तात्पुरती कव्हरं होती, तेव्हा कणीस, सुपारी, बर्फ सगळं बंद. शेवटच्या दिवशी मुलीनं आरसा हातात दिला. गंभीररावांनी एकदा बघितलं, आरसा खाली ठेवला, पुन्हा उचलला. उडालेला कोपरा जागेवर होता. मुलगी म्हणाली, "काका, हसा ना." हा दुसरा 'काका' त्यांनी माफ केला.

दुकानात मात्र वेगळीच अडचण झाली. दात नीट झाले, पण ओठांना सवय नव्हती. पहिले दोन दिवस ते ठरवून हसत होते, आणि ठरवून हसणारा माणूस बघून गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकत होतं. गोडबोल्या म्हणाला, "भाऊ, बरं वाटतंय ना? की घरी काही झालं?"

"घरी सगळं ठीक आहे," गंभीरराव सगळे दात दाखवत म्हणाले.

"बापरे," म्हणून गोडबोल्या गोदामात उतरला.

सहाव्या दिवशी मालक टेबलापाशी थांबले. नव्या दुकानाला आठवडा उरला होता आणि जागेचं अजून काही ठरलं नव्हतं. गंभीररावांनी तोंड भरून हसून त्यांचं स्वागत केलं.

मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं. "पुढचं अजून तसंच?"

गंभीररावांचं हसू जागच्या जागी गोठलं. "मालक, नीट बघा तरी."

"बघतोय की. दहा आठवडे बघतोय." मालक पुढं झाले आणि त्यांनी पॅनेलवरचं कॅलेंडर बाजूला केलं. पांढऱ्या टाईलच्या पॅनेलवर मधोमध दोन टाईल पिवळ्या पडलेल्या. मागचा गोंद झिरपला होता. "हे पॅनेल नव्या दुकानात पुढं लावायचंय. दोन टाईल बदलायच्या. दोन! त्यावर तू कॅलेंडर लटकवतोस. असल्या माणसाला पुढं कसं बसवायचं?"

अठरा वर्षांची सवय जिभेवर आली. "मालक, दोनच बदलल्या तर शेड जुळणार नाही."

"ते गिऱ्हाइकाला सांगायचं," मालक म्हणाले. "मला नाही."

गंभीरराव तडक गोदामात गेले. जी टाईल पॅनेलवर लागते तिच्या चार जादा बाजूला ठेवायच्या, ही त्यांची जुनी खोड; गोडबोल्या त्यावर हसायचा. मागच्या फळीवर, धुळीखाली, त्याच लॉटचा शिक्का मारलेल्या चार टाईल निघाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी जुन्या दोन स्वतः खरवडून काढल्या, नव्या बसवल्या, फटी भरल्या. शेड तंतोतंत. हात पुसून उभे राहिले तेव्हा एवढ्या फजितीचं त्यांना खरोखरचं हसू आलं, तोंड उघडून, न ठरवता.

नेमके तेव्हाच मालक परत आले. पॅनेलवरून हात फिरवून बघितला आणि मग हसणाऱ्या गंभीररावांकडे बराच वेळ बघत राहिले.

"आठवडाभर बघतोय, हसतोयस," ते म्हणाले. "त्याआधी दर आठवड्याला अर्धी सुट्टी. कुणी बोलावलंय? समोरच्यानं?"

समोर रस्त्यापलीकडे दुसरं टाईलचं दुकान होतं. गंभीरराव खोटं बोलले नाहीत. ते काहीच बोलले नाहीत, नुसते हसत राहिले, कारण थांबता येत नव्हतं.

"पाच म्हणालो होतो," मालक म्हणाले. "सहा. आणि हा विषय इथंच संपला."

रात्रीच्या जेवणाआधी गंभीररावांनी कागद घेतला. दोन व्हेनियर, पाच पाच हजारांचे: दहा. सहा दातांचं पॉलिश: तीन हजार. तपासणी, फोटो, केसपेपर: सहाशे. जाण्यायेण्याचं भाडं: चारशे वीस. कापलेला पगार: अठ्ठावीसशे. एकूण सोळा हजार आठशे वीस. टाईल दोन, गोदामातल्या: शून्य.

"जागा मिळाली ती शून्यातून," बायको कागदावर वाकून म्हणाली. "दातांचा काही संबंध नाही."

"आहे. पाचाचे सहा दातांनी केले. महिन्याला हजार. म्हणजे दातांचे पैसे मालक भरणार. सोळा हप्ते हजाराचे, सतरावा आठशे वीसचा. बिनव्याजी. आणि त्यांना पत्ता नाही!" ते तोंड उघडून हसले. घरात हा आवाज नवीन होता.

बायकोनं पेन्सिल त्यांच्या हातातून घेतली. ती खुर्ची ओढायला गेली, तर खुर्ची फ्रिजला होती. म्हणून उभ्या उभ्याच तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली: 'नासलेलं दूध, दहा आठवडे, रोज अर्धा लिटर धरून.' पुढं रक्कम मांडली, आणि कोणी भरली त्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.