एकशे दोन आणि वर दोन रेघा

"गोळी द्यायच्या आधी ताप बघा, नंतर नको." दवाखान्याच्या दारात सिस्टरने हे दोनदा सांगितलं होतं. सूनबाई एका हाताने आजींना गाडीत बसवत होती आणि दुसऱ्या हाताने तीन वर्षांच्या चिमणीला रस्त्यावर पळण्यापासून आवरत होती. मागे न बघताच ती म्हणाली, "माहितीये हो. घरात लहान मूल आहे आमच्या."

मी तिच्या पर्समध्ये होतो. तापाबद्दल हिला कोण काय शिकवणार, असं तेव्हा मलाही वाटलं.

मित्रांनो, मी पाऱ्याचा थर्मामीटर. बॅटरीवर टीं-टीं करणारा जो तुमच्या घरी असेल, त्याचा थोरला भाऊ. ज्योतीवर काच मऊ करून माझी नळी केसाएवढी बारीक ओढली गेली. टोकाच्या फुगीर भागात पारा भरला आणि त्याच्या जरा वर नळीला एक चिमटा काढला. त्या चिमट्याने माझा स्वभाव ठरला. एकदा वर चढलेला पारा आपणहून खाली उतरत नाही. कोणी मला घट्ट धरून झटकेपर्यंत शेवटचा आकडा मी पोटात धरून ठेवतो. म्हणून मला आधी झटकायचं आणि मग लावायचं.

आजींनी मला आणलं तेव्हा त्या आजी नव्हत्या. त्यांच्या मुलाला गोवर आला होता. त्या आठवड्यात माझं फार कौतुक झालं. शेजारच्या बायका मला मागून न्यायच्या आणि आजी त्यांना बजावायच्या, "सांभाळून हं, हा खोटं बोलत नाही." मुलगा मोठा झाला आणि मी रबरबँड, वाळलेली पेनं आणि बिघडलेली टॉर्च यांच्या सोबतीला खणात पडलो. चिमणीच्या पहिल्या तापात बॅटरीवाल्याने पाव तासात तीन वेगळे आकडे दाखवले, तेव्हा मला पुन्हा बाहेर काढलं.

सूनबाई जाता-येता लेकीच्या कपाळाला हात लावणारी. मला ती दिवसातून चार-चार वेळा काढायची आणि सवयीने, न बघताच, झटकायची. प्रत्येक झटक्याला माझा जीव टांगणीला लागे. निसटून फरशीवर फुटलो, तर माझा पारा कोपऱ्या-कोपऱ्यांत पळेल आणि लहान मूल खेळत फिरतं त्या घरात विष होऊन बसेल.

आजींच्या गुडघ्यातली गादी झिजली होती. जिना उतरताना त्या आडव्या वळून एकेक पायरी घ्यायच्या. सांधा बदलायला मात्र तयार नव्हत्या. मग कोणीतरी सांगितलं, कमरेच्या हाडातला मगज सुईने काढतात, यंत्रात फिरवून त्यातला हवा तो भाग गुडघ्यात टोचतात. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. झीज भरून येईल असा शब्द मी देत नाही, म्हणाले. काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं होत नाही, आणि क्वचित सांध्यात जंतू शिरतात. मुलगा म्हणाला, थोडं थांबू या. आजी हटून बसल्या. सूनबाई दोनच महिन्यांपूर्वी कामावर रुजू झाली होती आणि दिवसभर चिमणी त्यांच्याकडे असायची. थांबून कसं चालणार होतं?

टोचून झाल्यावर सकाळ-संध्याकाळचा ताप एका कागदावर लिहायचा होता. कागद फ्रिजला चिकटवला. चार दिवस ठीक गेले. गुडघा सुजला होता, पण सुरुवातीला दुखेल असं डॉक्टर म्हणालेच होते.

पाचव्या दिवशी दुपारी चिमणी झोपली असताना आजींनी मला गुपचूप स्वतःच काढलं. शंभर. सहाव्या दिवशी एकशे एक. चष्म्यातून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तापाची गोळी घेतली आणि मला तसंच डबीत ठेवलं. मनगटात झटकण्याइतका जोर नव्हता, आणि सूनबाई झटकतेच हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी ती आली. डबी उघडली, झटकलं, लावलं. गोळीने आपलं काम केलं होतं. अठ्ठ्याण्णव. तिने कागदावर सुबक अक्षरात लिहिलं.

मित्रांनो, काचेला ओरडता येत नाही. डबीच्या अंधारात मी तो आकडा धरून बसायचो. झाकण उघडायचं, बघणारे डोळे अगदी समोर असायचे, आणि तेवढ्यात झटका बसायचा.

सातव्या दुपारी आजींना हुडहुडी भरली. त्यांचे दात माझ्यावर वाजत होते. आता मी तोंडातच फुटतो की काय, या भीतीने मी गारठलो. पारा मात्र चढतच होता. एकशे दोन, आणि वर दोन रेघा.

संध्याकाळी चिमणी दोनदा शिंकली. सूनबाईने तिला कडेवर घेतलं आणि मला काढलं. पण पोरीने तिच्या उजव्या दंडाला मिठी मारली होती. झटकता येईना. मुळात झटकायची गरज आहे का, हे बघायला तिने मला दिव्यासमोर धरलं.

"चिमणे," ती हळूच म्हणाली, "तुला तर आज लावलाच नाही."

आजी पलंगावरूनच म्हणाल्या, "जुना झालाय गं तो. काहीही दाखवतो. फेकून दे."

इतक्या वर्षांत त्या माझ्याबद्दल असं बोलल्या नव्हत्या. सूनबाई घुटमळली. विश्वास ठेवायला ती गोष्ट किती सोपी होती! मग तिने चिमणीला खाली ठेवलं, मला झटकलं आणि स्वतःच्या जिभेखाली धरलं. एका रेघेने जरी चुकलो असतो, तरी आजींचं खोटं खरं ठरलं असतं. दोन मिनिटांनी तिने वाचलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

आजींचं पांघरूण दूर करून तिने एक हात या गुडघ्यावर ठेवला, एक त्या. टोचलेल्या गुडघ्यावरचा हात तिने झटकन मागे घेतला.

"आई, किती दिवस?"

"हट्ट माझाच होता ना," आजी म्हणाल्या. "कोणत्या तोंडाने सांगू? आणि तुला पुन्हा घरी बसावं लागलं असतं."

त्याच संध्याकाळी दवाखान्यात गुडघ्यातून गढूळ पाणी निघालं. सांधा उघडून धुवावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर सांधा गेला असता, कदाचित त्याहूनही जास्त काही. आजी अजून दवाखान्यातच आहेत. शिरेतून औषध चालू आहे. चालता किती येईल, ते कोणी सांगत नाही. फ्रिजवरचा तो कागद सूनबाईने काढलेला नाही. पाणी घ्यायला गेली की ती आपल्याच सुबक अक्षरांसमोर थबकते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जे विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणून हसून मोकळं होतं. नुसतं दारातून विचारू नका. जवळ बसा, अंगाला हात लावा, उशाशी गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसतंय का तेही बघा. हे वाचणं नंतरही होईल. आधी आत जाऊन त्यांना बघून या.