गेम अडवणारा पितर

एकलहरे गावातल्या रंगनाथच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांनाही माणसं चिकटली होती. सगळ्यांचे डोळे एका संगणकावर आणि त्यावर भस्म फुंकणाऱ्या यंत्रनाथ महाराजांवर.

योगिनीनं वर्षभर खपून स्वतः बनवलेला गेम चालत नव्हता. उघडला की लगेच मिटायचा. उद्या तो कॉलेजात दाखवायचा होता. पोरगी दोन दिवस आपल्याच कामात चूक शोधत बसली, आणि तिचा बाप रंगनाथ थेट महाराजांना घेऊन आला.

"यंत्रात पोरीचा पणजोबा अडकलाय," कीबोर्डवरून बोटं फिरवत महाराज म्हणाले. "अतृप्त आहे."

"माझा सासरा?" जमिनीवर मेथी निवडत बसलेल्या लंकाबाईंनी मान वर केली. "त्याला कधी पत्त्यांत रस नव्हता. ह्यात कशाला शिरंल?"

"आई, गप बस," रंगनाथ पुटपुटला.

"लंकाक्का, महाराजांची चेष्टा करू नये," शेजारच्या ठमाबाईनंही दटावलं.

महाराज टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "ओम माउसाय नमः, ओम स्क्रीनाय नमः. पोरी, आता उघड."

योगिनीनं माउस दाबला. गेम उघडला आणि चक्क टिकला. गर्दीचे हात जोडले गेले. मग महाराज भूमीला नमस्कार करायला वाकले, आणि गेम पुन्हा मिटला.

"पाहिलंत? पितर परत आला. यंत्र अकरा दिवस मठात ठेवावं लागेल."

"पण मला उद्याच दाखवायचाय," योगिनीनं संगणकावर हात ठेवला.

"मग पणजोबालाच विचार."

उभ्या माणसांना दिसलं नव्हतं ते जमिनीवरच्या लंकाबाईंना दिसलं होतं. त्या जुडी ठेवून टेबलाखाली सरकल्या.

"महाराज, पाय वर घ्या. तुमच्या अंगठ्याला पितर चिकटलाय. मघाशी बसताना अंगठ्यानं ही वायर खालच्या डब्यातून ओढली, नमस्कार करताना हातानं परत खुपसली. योगे, कशाची गं ही?"

"कीबोर्डची."

लंकाबाईंनी वायर उपसली. "उघड आता." गेम उघडला. ना भस्म, ना मंत्र.

योगिनी कीबोर्डवर झुकली. "आजी, कोपऱ्यातली एस्केपची कळ खाली बसलीय. ती दाबली की गेम बंद होतो. मीच तसं केलंय."

लंकाबाईंनी कीबोर्ड उलटा धरून सुपासारखा थोपटला. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा फरशीवर पडला.

सगळ्यांनी लंकाबाईंकडे पाहिलं. परवाच्या दसऱ्याला संगणकाची पूजा कोणी केली होती, घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लंकाबाईंनी जन्मात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. त्यांनी दाणा उचलून तळहातावर ठेवला.

"माझीच अक्षता हाय. मूठभर टाकल्या होत्या." मग महाराजांकडे वळल्या. "ती बसलेली कळ तुझ्या बोटाला आधीच कळली होती ना? आधी काय धंदा करायचास?"

"नाशिकरोडला... कॉम्प्युटर दुरुस्ती," महाराज झोळी आवरत म्हणाले.

"तेच बरं होतं की. खरं बोलून पोट भरत होतं."

ते गेल्यावर ठमाबाई हळूच म्हणाली, "म्हणजे आता पूजा बंद?"

"कशाला बंद? पूजा करीन, अक्षता पाटावर टाकीन. पण काय अडलं तर आधी वायर बघायची, कळ बघायची, जाणत्याला विचारायचं. उगा मेलेल्या माणसावर आळ घेऊ नका गं. तो बिचारा सांगायला येणार हाय का, मी नव्हतो म्हणून?"