बांधापलीकडचा केवडा

“रंगू, तुझ्या भेंडीतूनच केवडा आला गो आमच्यात,” माझे सासरे, देवराम, बांधावरून म्हणाले. मी टोपली घेऊन शेजारीच उभी होते.

रंगू वाडीवरची. दर दिवाळीनंतर पोरीला घेऊन वीटभट्टीवर जायची. यंदा बांधापलीकडचा, कालव्याकाठचा आमचा तुकडा अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर घेऊन तिने भेंडी लावली, आणि तिची दामिनी प्रथमच थंडीत शाळेत बसली. “भेंडी चालली तर भट्टी नाय, वयनी,” हे ती मला रोज ऐकवायची.

केवडा, म्हणजे भेंडी पिवळी पाडणारा रोग, आधी आमच्याच भेंडीत आला. दहा-बारा झाडं, पानांच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या. कृषी सहायक सारिकाताई घसा फोडून सांगून गेल्या होत्या. रोग पांढरी माशी नेते. सकाळी दव असताना ती सुस्त असते, तेव्हाच झाड उपटा, गोणीत कोंबा, पुरून टाका.

“ती शिकवणार आमाला शेती?” म्हणत सासऱ्यांनी भर दुपारी झाडं उपटली आणि बांधापलीकडे भिरकावली. आमचं तण, कुजकं, नासकं सगळं वाडीच्या अंगालाच जातं, पिढ्यान्‌पिढ्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, जळो माझी अक्कल. रंगू बिचारी खूश. शेळ्यांना चारा म्हणून तिने ती झाडं आपल्याच भेंडीतून ओढत नेली. पिठासारख्या माश्या उडाल्या, त्या मी पाहिल्या.

तीन आठवड्यांत तिचं रान पिवळं पडलं. भेंड्या पांढुरक्या, वाकड्या. व्यापाऱ्याने हात लावला नाही. आणि वर या चोराच्या उलट्या बोंबा.

“असंल, दादा,” रंगू एवढंच म्हणाली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवातच मायलेकी झाडं उपटून खताच्या रिकाम्या गोण्यांत कोंबत होत्या. भट्टीच्या मुकादमाचा टेम्पो दहाला यायचा होता.

“आता कशाला हे, रंगू?”

“माशी तुमच्यात येल ना, वयनी. तुमची तरी राहू दे.”

मला राहवलं नाही. “अगं, रोग आमचाच होता. आमीच टाकला तुझ्यात.”

“माहीत हाय,” ती म्हणाली. हात थांबला नाही तिचा.

गोण्यांची तोंडं आवळून तिने त्या स्वतःच्या तुकड्यात पुरल्या. वरची माती दामिनीने पायांनी दाबली. बांधाच्या आमच्या बाजूला एक पानसुद्धा पडलं नव्हतं.