गिलाव्यातले हात

म्हणे सांस्कृतिक केंद्र! पुंडलिकनगरमागच्या आमच्या वस्तीतल्या जुन्या बुद्धविहाराचं केंद्र करायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंही नाही, आणि ठरवणारा कोण, तर ज्याला मी पहिलीत हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवलं तो संघपाल, विहार समितीचा अध्यक्ष. झुंबा, ढोलपथकाची तालीम, वाढदिवस, सगळं तिथं होणार होतं. मूर्ती वरच्या खोलीत जाणार होती. तेही मी गिळलं असतं. पण पश्चिमेच्या भिंतीला फळ्या ठोकून त्यांवर आरसे लावायचे, हे मात्र माझ्या डोक्यात गेलं.

त्या भिंतीवर एक्केचाळीस पंजे आहेत. धम्मदीक्षेनंतर चार-पाच वर्षांनी विहार उभा राहिला तेव्हा दिवसभर मजुरी करून संध्याकाळी इथं माती वाहणाऱ्या बायकांनी, सही येत नव्हती म्हणून, ओल्या गिलाव्यात आपापला उजवा तळहात दाबला. खालच्या रांगेतला तिसरा माझ्या आईचा, कडूबाईचा. ती गेल्यापासून दर रविवारी वंदना झाली की मी त्या खळग्यात हात ठेवायची, आणि तो नीट बसायचा.

बैठकीत मी कडाडून भांडले.

"बाई, भिंत पाडत नाय ना आपण, झाकतोय फक्त," संघपाल म्हणाला.

झाकतोय फक्त! त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. फळ्या ठोकल्या गेल्याच.

आठ दिवसांत खिळे सुटले. मी मनातून खूश झाले. सुतार फकिरानं पुन्हा ठोकले, ते पुन्हा सुटले, आणि तिसऱ्यांदा तर फळ्यांना मधोमध पोट आलं.

"भिंत फुगली, बाई. लई ओल धरली," तो म्हणाला.

मे महिन्यात कसली आलीय ओल! स्वतःचं कच्चं काम भिंतीच्या माथी मारायचं नुसतं. मी भर दुपारी संघपालला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर सगळ्या फळ्या काढायला लावल्या.

पंजे होते, पण खळगे नव्हते. एकूण एक पंजा भिंतीतून बाहेर आला होता, बोटं ताठ, तळवा आमच्याकडे. मागं मोकळं मैदान आहे. फकिरा धावत जाऊन बघून आला. तिकडून भिंत सपाट होती.

संघपालचा चेहरा पार उतरला. "चुकलं आमचं, बाई. तुम्ही म्हणाल तसं. भिंत उघडीच ऱ्हाऊ द्या."

जिंकले होते मी. डोळे भरून आले. वाकून आईच्या तळव्याला तळवा टेकवला. तो गरम होता. मी हात मागं घेतला नव्हता, तरी माझा हात सावकाश मागं रेटला जात होता, आधी मनगट, मग कोपर. आई मला ढकलत होती. मला! जी तिच्यासाठी सगळ्या वस्तीशी भांडली, तिला!

मी पदराला हात पुसला.

"फकिरादादा," मी म्हणाले, "फळ्या परत लावा. आणि खिळे लांब घ्या."