एकतीस जानेवारी, पंधरावी खेप

एकतीस जानेवारी मी सोळा वेळा जगले आहे आणि सोळाही वेळा समोसे थंडगार होते.

मी वैजयंती, केंद्र सरकारच्या कालमापन विभागात सेक्शन ऑफिसर. आमचं ऑफिस फरीदाबादला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. तिथेच आमचं अंतराळयान उभं असतं. मागच्या वेळेत जायचं तर यान आधी वर न्यावं लागतं, कारण पृथ्वी काही एका जागी थांबत नाही. वर जायचं, घड्याळ मागे घ्यायचं आणि सकाळी पृथ्वी जिथे होती तिथे जाऊन उतरायचं. आपण उतरलो की सकाळचे जुने आपण आपोआप नाहीसे. मंजूर पद एक, त्यावर माणूस एक. सरकारी नोकरी केलेल्यांना हे लगेच कळतं.

आमचे संचालक आणि यानाचे कप्तान तात्यासाहेब. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मागची तारीख घालून एकही सही केलेली नाही. राहिलेली सही बाकीचे लोक कालच्या तारखेने निमूट ठोकून मोकळे होतात. तात्यासाहेबांना ते पाप वाटतं. सकाळची सही राहिली तर ते यानात बसून खरोखर सकाळी जातात आणि खऱ्या तारखेने सही करतात. या सचोटीचा मला फार अभिमान होता. एकतीस जानेवारीला तो पार धुऊन गेला.

त्या दिवशी ते रिटायर होणार होते. साडेचारला निरोप समारंभ. शाल, नारळ, ग्रुप फोटो, करोल बागेतून मागवलेले समोसे. शाल उलगडली आणि साहेब दचकले.

"अरे! सकाळची एक सही राहिली."

साहेब, मी आणि पायलट राजवीर यानात बसलो, सकाळी नऊला उतरलो. साडेचारला पुन्हा शाल, पुन्हा "अरे!" यानातल्या आम्हा तिघांनाच सगळं आठवतं. बाकीचं ऑफिस दर वेळी तितक्याच उत्साहाने टाळ्या वाजवतं.

माझा जीव अडकला होता एक तारखेत. माझी मुलगी अक्षया पुण्याला लष्करी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. दोन वर्षांनी तिला कशीबशी आठ दिवसांची रजा मिळाली होती. एकतीसच्या पहाटे ती पुण्याला गाडीत बसली, एक तारखेला सकाळी निजामुद्दीनला उतरणार होती. म्हणजे, एक तारीख उजाडली असती तर. रोज दुपारी दोनला तिचा फोन यायचा, "आई, भुसावळ आलं. केळी घेतली गं." रोज तेच भुसावळ, तीच केळी. तिला बिचारीला काही पत्ता नव्हता. पंधराव्या फोनला मात्र माझ्या तोंडून शब्द फुटेना. "रेंज नाहीये वाटतं," म्हणून तिने फोन ठेवला.

मी उठले आणि साहेब जेवायला गेलेले असताना त्यांच्या टेबलाचे खण उपसले. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं, पण डोकं फिरलं होतं. तिसऱ्या खणात, वर्तमानपत्राखाली ती फाइल सापडली. सहीची जागा कोरी. शेजारी साहेबांच्याच हातची पेन्सिलची बारीक खूण. म्हणजे विसर नव्हताच, ते रोज मुद्दाम एक सही बाकी ठेवत होते!

साडेचारला शाल उलगडली, साहेब दचकले, आणि मी फाइल पदराखाली धरून यानात चढले.

वर पोचलो. खाली दिल्लीवर धुक्याची साय धरली होती. राजवीर लीव्हरवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, मागे घेऊ? माझं पेट बिल्कुल खराब झालंय यार, पंधरा बार समोसे."

"थांब," मी म्हटलं आणि फाइल साहेबांच्या पुढ्यात आपटली. "साहेब, ही कुठली सचोटी?"

तात्यासाहेबांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मग चष्मा काढून हातात धरला.

"वैजयंतीबाई, माझी पत्नी प्रभावती जाऊन सहा वर्षं झाली. घरी कुणी नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मी जाऊ कुठे?"

एरवी मी विरघळले असते. त्या दिवशी मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"निजामुद्दीनला या," मी म्हटलं. "नऊला नाही, साडेसहाला. माझ्या पोरीला पंधरा दिवस गाडीत बसवून ठेवलंय तुम्ही. तिला उतरवून घ्यायला तुम्हीच या."

ते चपापले. अक्षयाचं त्यांना माहीतच नव्हतं. मीही अडतीस वर्षं ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाला घरातलं कधी काही सांगितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"शेवटचं एकदा सकाळी नेतोस का, राजवीर?" ते म्हणाले. "ही सही राहायला नको."

सकाळी त्यांनी सही केली. साडेचारला मान वाकवून शाल घेतली, नारळ घेतला, फोटोत मधोमध उभे राहिले. राजवीरने समोशाला हात लावला नाही.

एक तारीख उजाडली. मी स्टेशनवर पोचले तर साहेब माझ्या आधी येऊन बसलेले, कोट, टाय आणि वर तीच शाल. धुकं इतकं की समोरचा प्लॅटफॉर्म दिसेना. गाडी साडेचार तास लेट. माझा धीर सुटला.

"साहेब, यान आहे. घड्याळ पुढे घेऊन पटकन अकरा वाजता उतरू या?"

"नको," ते म्हणाले. "बसू या." आणि दोन चहा घेऊन आले.

आम्ही बसलो. बोललो, तेही ऑफिसचं सोडून. त्यांना कारल्याची भाजी येते, पेटी येत होती, दोन्ही सुटलंय. नऊ वाजून गेले ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

अकराला गाडी आली. अक्षया उतरली, हातात केळ्यांची पिशवी. तात्यासाहेब पुढे झाले आणि तिच्यापुढे चक्क हात जोडले.

"बेटा, माफ कर. तुला उशीर माझ्यामुळे झाला."

"अहो काका, धुक्यामुळे झाला!" ती हसली.

मी तिला छातीशी धरलं आणि भर प्लॅटफॉर्मवर हुंदके देऊन रडले.

"अगं आई," ती घाबरून म्हणाली, "कालच तर बोललो ना आपण!"