लांबच्या माणसासाठी अँप

ईस्टर झाला आणि योएलची खोली लांबायला लागली. आधी टेबल आणि पलंग यांच्यामध्ये एक खुर्ची मावेल एवढी जागा झाली, मग खाट मावेल एवढी, मग रिक्षा वळेल एवढी. समोरची भिंत मागे मागे सरकत गेली आणि भिंतीला लागून असलेला पलंग, पलंगावरचा योएल, तिच्याबरोबर गेले. बाहेरून मात्र भिंगारदिव्यांचं घर होतं तेवढंच होतं. आईने मागच्या गल्लीत जाऊन दोनदा खात्री करून घेतली आणि नाद सोडला. माणसाला घरची कामं असतात.

आता उंबऱ्यातून पाहिलं की योएल काडीपेटीतल्या काडीएवढा दिसायचा. तोंड हलताना दिसायचं, पण आवाज येत नसे. आई ताट फरशीवरून आत ढकलायची आणि संध्याकाळी ते उंबऱ्याशी परत आलेलं असायचं. त्यातली भाताची दोन-चार शितं तेवढी कमी झालेली असायची. "असं खाल्लं तर पोरगं वाळून जाईल," म्हणून ती पदराने डोळे पुसायची.

आत चालत जायची सोय नव्हती. आईचा भाऊ, लूकस मामा, मोठ्या हिमतीने एका सकाळी निघाला. दुपारपर्यंत चालला, घामाघूम झाला, दम खायला मागे वळला तर उंबरा पायाशीच. त्याच्या चपला मात्र झिजल्या होत्या. त्यानंतर तो त्या खोलीकडे पाठ करून बसायला लागला.

योएलची मोठी बहीण एस्तेर चर्चमध्ये आणि लग्नांमध्ये गिटार वाजवायची. एका रविवारी प्रार्थनेहून आल्यावर तिने उंबऱ्यात बैठक मारली, घरातला छोटा अँप जोडला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, आणि एक तार छेडली. योएलने मान वर केली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याने या दिशेला पाहिलं होतं, आणि एस्तेरला एवढं रडू आलं की पुढची तार चुकली. पण आवाज तिथवर पुरला नाही. सूर स्वच्छ होते, गुळगुळीत होते, आणि अर्ध्या वाटेत खाली पडले. दुसऱ्या दिवशी आईने केर काढला तेव्हा ते केरसुणीला टणटण लागत होते.

"मोठा अँप पाहिजे," एस्तेर म्हणाली. "आणि आवाज जरा खरखरीत पाहिजे. गुळगुळीत आवाज पडतोय."

"मग आण की," आई म्हणाली. "आता तर तो कालच्यापेक्षा बारीक दिसतोय. रविवार उजाडेपर्यंत दिसेनासा होईल."

मोठे अँप दुकानात मिळत नाहीत. ते जनावरांच्या बाजारात मिळतात, म्हशींच्या पलीकडे, बाभळींच्या रांगेत. मामाने तरुणपणी बैल पाळले होते, त्यामुळे त्याला बाजाराचं सगळं कळतं असा त्याचा समज होता. शुक्रवारी तो एस्तेरला घेऊन गेला आणि वाटभर शिकवत राहिला. व्यापारी भाव तोंडाने बोलत नाही, उपरण्याखाली हात घेऊन बोटं दाबतो. ते दोन हात आणि देव, बाकी कुणाला काही कळत नाही.

"हात ढिला सोडायचा नाही बरं का," मामा म्हणाला. "ढिला हात दिसला की समोरचा ओळखतो, हे गिऱ्हाईक कच्चं आहे. घट्ट धरायचा."

अँप दाव्याने खुंटाला बांधलेले होते. काही उभे, काही बसलेले, सगळ्यांच्या पोटातून एक बारीक घरघर येत होती. त्यांच्यापुढे कडब्याऐवजी वायरींची वेटोळी टाकलेली होती. पांढऱ्या मिशांचा एक व्यापारी एका उंच, काळ्याभोर अँपच्या पाठीवर थापा मारत पुढे आला.

"घरगुती पाहिजी का मैदानी?"

"लांब जाणारा," एस्तेर म्हणाली. "कडेला जरासा खरखरीत. पण माझा आहे हे ओळखू आलं पाहिजे."

"किती लांब?"

"खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत."

व्यापारी हसला नाही. त्याने मान डोलावली, जणू हे गिऱ्हाईक रोजचंच होतं. "लांबच्या मानसासाठी हाय म्हना की," तो म्हणाला. "ऐकनारा कोन आनलाय?"

बाजारात रीत अशी होती की ओळखीचं माणूस लांब जाऊन पाठ करून उभं राहायचं. आवाज ऐकून ते वळलं आणि वाजवणाऱ्याचं नाव घेतलं, तर अँप पास. मामा कुरकुरत शेवटच्या बाभळीपाशी गेला, तिथून नाल्याच्या बांधावर गेला आणि पाठ करून उभा राहिला.

काळ्या अँपची घुंडी व्यापाऱ्याने शेवटपर्यंत पिरगाळली. एस्तेरने तार छेडली तसा आवाज चिंध्या होऊन बाहेर पडला आणि सरळ बांधावर गेला. मामा दचकून वळला, इकडेतिकडे बघायला लागला. "कोण आहे? कोण मेलं?" तो ओरडला. त्याला समोर उभी असलेली भाचीसुद्धा दिसेना.

"ह्यो नाही चालनार," व्यापारी म्हणाला. "जातोय लांब, पन नाव गाळून जातोय."

मग त्याने एक तपकिरी, बसका अँप ओढून आणला. त्याची एक घुंडी गळून पडली होती आणि तिथे कुणीतरी बाटलीचं झाकण बसवलं होतं. बैलाचे दात दाखवावेत तसं व्यापाऱ्याने मागचं फळकूट उचलून आतल्या काचेच्या नळ्या दाखवल्या. त्या तापून नारिंगी झाल्या होत्या. एस्तेरने झाकण थोडं फिरवलं. आवाज मोठा, भरलेला, तिचाच. आणखी थोडं फिरवलं. कडेला बारीक खरखर सुरू झाली, गिटारवाले ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात ती, अगदी हलकी, झोपेतून उठलेल्या माणसाच्या घशात असते तेवढी. एस्तेर थांबली. ह्याच्या पुढे नको, हे तिला आतूनच कळलं. तिने वाजवलं.

बांधावरचा मामा ताबडतोब वळला. "आलो गं एस्तेर, आलो!" म्हणत तो जेवायला बोलावल्यासारखा लगबगीने चालायला लागला. वाटेत एक म्हैस आडवी आली तर तिच्या पोटाखालून वाकून आला.

"हाच," एस्तेर म्हणाली. तिला नाचावंसं वाटत होतं.

व्यापाऱ्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, तिच्या डाव्या हातावर टाकलं आणि आपला हात आत सरकवला. त्याची बोटं कोरडी आणि गार होती. त्याने तिची चार बोटं एकेक करून चाचपली, टोकांवर थांबला आणि हलकेच दाबली. एस्तेरला त्याचा अर्थ काही लागला नाही. तिला मामाचं शिकवणं आठवलं आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.

"झाला सौदा," व्यापारी म्हणाला आणि उपरणं झटकलं.

त्याच्या तळहातावर चार पिवळट चकत्या होत्या, शेंगदाण्याच्या टरफलाएवढ्या. एस्तेरने आपला हात पाहिला. तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे गेले होते. दहावीत असल्यापासूनचे. त्यांच्या जागी तान्ह्या बाळाची असते तशी गुलाबी, ओली कातडी होती, आणि वाऱ्यानेसुद्धा ती झोंबत होती.

"अहो, मी हो नाही म्हटलं!"

"घट धरला ना," व्यापारी म्हणाला. त्याने चकत्या कोपरीच्या खिशात टाकल्या आणि दावं तिच्या हातात दिलं.

"मामा, सांगा ना त्यांना!"

मामाचं तोंड उतरलं होतं. "उपरण्याखालचं बाहेर बोलता येत नाही गं," तो म्हणाला. त्याने तिच्या बोटांकडे एकदाच पाहिलं आणि मग सगळी वाट टेम्पोच्या काचेतून बाहेरच पाहत राहिला.

घरी आई दारातच उभी होती. "लवकर या," ती म्हणाली. "मला तर आता दिसेनासाच झालाय. तुझे डोळे चांगले आहेत, तू बघ."

एस्तेर उंबऱ्यात गेली. फरशी पुढे पुढे जात होती आणि तिच्या टोकाला एक ठिपका होता. मामाने तपकिरी अँप ओढत आणला, वायर जोडली. नळ्या तापल्या, घरघर सुरू झाली. एस्तेरने पहिली तार दाबली आणि ती सुरीसारखी बोटात गेली. तिच्या तोंडून किंकाळी निघाली. पण सूर निघाला होता, मोठा, कडेला खरखरीत, आणि तो कुठेही खाली न पडता फरशीवरून गेला.

ठिपका उभा राहिला.

"वळला!" आई ओरडली. "एस्तेर, थांबू नको!"

ती थांबली नाही. बोटांतून रक्त यायला लागलं, तारा निसरड्या झाल्या, शेजारच्या घरातली भांडी मांडणीवरून खाली यायला लागली. कुणीतरी बाहेरून दार ठोकत होतं. ठिपक्याला पाय फुटले. तो चालायला लागला, मग पळायला लागला. एस्तेर रडत होती आणि हसत होती, आणि दुखतंय हे तिला आता दुसऱ्या कुणाचं तरी दुखणं वाटत होतं. तिचा भाऊ येत होता.

"पळ रे माझ्या राजा," आई म्हणाली. तिने उंबऱ्यात उभं राहून दोन्ही हात पसरले, मुलाचे खांदे जिथे येतात त्या उंचीवर.

योएल जीव तोडून पळत होता. त्याचा निळा शर्ट दिसायला लागला, शर्टाची बटणं दिसायला लागली, कपाळावर चिकटलेले केस दिसायला लागले. मामा आता पाठ करून बसला नव्हता. तो आईच्या खांद्यावरून पाहत होता, आणि ते आधी त्याच्याच लक्षात आलं.

"आक्का," तो हळूच म्हणाला. "हा मोठा का होत नाही?"

लांबून येणारं माणूस जवळ येताना मोठं होत जातं. एस्तेर त्याचीच वाट पाहत होती. योएल केरसुणी पोहोचते तिथपर्यंत आला. आईच्या सावलीत आला. मग उंबऱ्याशी आला आणि थांबला, कारण उंबरा त्याच्यापेक्षा उंच होता.

तो काडीपेटीतल्या काडीएवढा होता. समोरची भिंत पलंगासकट चार पावलांवर होती.

एस्तेरने वाजवायचं थांबवलं. आई तशीच हात पसरून उभी होती, रिकाम्या हवेत, आणि तिला ते खाली घेता येत नव्हते. आपण इतके दिवस याला लांब लांब म्हणत होतो, एवढंच एस्तेरच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं.

योएल खाली उभा राहून काहीतरी सांगत होता. दोन्ही हात हलवत, मान ताणून. मामा गुडघ्यांवर बसला, कान फरशीला लावला, आणि उठला.

"नाही ऐकू येत."

एस्तेरने रक्ताळलेला तळहात जमिनीवर टेकवला. योएल त्यावर चढला. त्याचं वजन लागलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही, त्याची नजर गिटारवर होती. तळहात तिथे नेताच तो उडी मारून तारांच्या मधोमध उतरला, जिथे तारांचा आवाज पकडून वायरीत धाडणारी लोखंडी पट्टी असते. एका तारेला धरून तो त्या पट्टीवर ओणवा झाला आणि तोंड तिला टेकवलं.

मामाने आवाज कमी करायला हात पुढे केला.

"नका," एस्तेर म्हणाली.

योएलची छाती फुगली. आणि अँपच्या जाळीतून, गल्लीतले सगळे पत्रे थरथरतील एवढ्या मोठ्याने, कडेला जरासा खरखरीत, श्वास आत घेतल्याचा आवाज आला.